टँकरच्या रांगेतली कन्नड : एका हस्तलिखिताचं प्रकरण

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका महापालिका शाळेत, मराठी माध्यमाच्या सातवीतल्या मुलीने वार्षिक हस्तलिखितासाठी दीड पान मजकूर लिहिला. त्या दीड पानावरून शिक्षक, पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगलीच जुंपली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरचा तो पहिला मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे उत्साह दांडगा होता. २७ तारखेला हस्तलिखिताचं प्रकाशन, पाहुणे येणार, फोटो निघणार. विषय ठरला होता ‘माझी वस्ती’.

मी तिथे शिक्षकांच्या भाषा-कार्यशाळेसाठी जात होते. मुख्याध्यापिकांनी मूळ कागद आणि दुरुस्त केलेला कागद असे दोन्ही माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, “तुम्हीच सांगा, कुठला लावायचा.” शाळेचं, माणसांचं नाव इथे देत नाही. मुलगी आता मोठ्या शाळेत गेली आहे, तिला ते चिकटायला नको.

वर्गात कोण बसतं

रस्त्याच्या एका अंगाला टीटीसीचा, म्हणजे ट्रान्स-ठाणे क्रीकचा औद्योगिक पट्टा, त्यामागे पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणी. दुसऱ्या अंगाला खाडीपर्यंत पसरलेली जुनी आगरी-कोळी गावं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, गावांच्या शेतजमिनी, मिठागरं संपादनात गेली, हाताशी उरलं गावठाण. तिथे चाळी उठल्या आणि भाडं हे अनेक घरांचं पीक झालं. त्या चाळींत आणि डोंगराकडच्या झोपडपट्टीत भाडेकरू कोण, तर विजयपूर-कलबुर्गीकडून आलेले नाक्यावरचे बिगारी, खाणीवरचे वडार, तांड्यावरची बंजारा कुटुंबं, मराठवाड्यातून दुष्काळात निघालेले, वाशीच्या बाजारात ओझी उचलणारे सातारा-सांगलीकडचे माथाडी, आणि कारखान्यांत लागलेले उत्तर भारतीय.

आता गंमत अशी, की गावठाणातली आगरी मुलं बरीचशी इंग्रजी शाळांत गेली. त्या सातवीच्या वर्गात घरी प्रमाण मराठीच्या जवळपास जाणारं काही बोललं जातं अशी मुलं हातावर मोजण्याइतकी. बाकी कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, कुणाच्या घरी भोजपुरी. मैदानावर सगळ्यांची हिंदी. म्हणजे ही मराठी शाळा आज चालू आहे ती मराठी नसलेल्या घरांच्या जिवावर. पट वाचवा म्हणून फलक लावणाऱ्यांनी हे एकदा नीट बघावं.

सीमाभाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेळगाव येतं. महाजन आयोग, ठराव, मोर्चे. पण सीमेवरच्या मुलाची निदान काहीतरी सोय नकाशात असते. जत किंवा अक्कलकोट तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि बालभारती आठ भाषांत पुस्तकं छापते, त्यात कन्नड आहे. बेळगावात मराठी शाळा आहेत. सीमा ओलांडून मजुरीला आलेल्या कुटुंबाचं पोर मात्र असं कुठल्याच यादीत बसत नाही. या मुलीच्या घरापासून चालत जाता येईल अशा शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी. बापाने मराठी निवडली, कारण जवळ होती आणि वह्या-गणवेश मिळत होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घातलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय राज्याने करण्याचा प्रयत्न करावा म्हणून. राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली तेच हे वर्ष. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्येही ‘शक्य तोवर’ मातृभाषा आहेच. शक्य तोवर या दोन शब्दांत ही वस्ती आख्खी मावते.

मूळ कागद

मुलीचा मजकूर, महत्त्वाचा तेवढा तुकडा, चुकांसह असा:

“टँकर आला करके सगळे धावले. आमच्या चाळीची काकी गेटवर उभी होती. ती बोलली, ‘पानी आयलाय, पन येकच हंडा भराचा. दुसरा पायजे त धा रुपये.’ टँकरवाला ओरडला, ‘जल्दी करो, आगे दो गल्ली बाकी है.’ माझी अव्वाने दोन हंडे आणली होती. ती काकीकडे बघून हसली आणि बोलली, ‘ईकिगे रोक्कद हुच्चु हिडदैति.’ काकी पण हसली. बोलली, ‘हां हां, जेवली मी.’ मागे जतचे काका होते. ते एवढे हसले की त्यांचा हंडा पडला.”

कन्नड वाक्याचा अर्थ, हिला पैशाचं वेड लागलंय. काकीला कन्नड येत नाही. भाडेकरू बायका रोज भेटल्या की ‘ऊट आयता’ म्हणजे जेवण झालं का विचारतात, तेवढंच तिच्या कानावर. तिने हेही तेच धरलं. जतकडचे माथाडी काका सांगली जिल्ह्यातले, पण त्यांच्या गावात निम्मं बोलणं कन्नड. त्यांना सगळं कळलं.

मी हे वाचून मोठ्याने हसले. मराठीच्या मॅडम हसल्या नाहीत.

त्यांनी केलेली दुरुस्ती:

“टँकर आल्याचे कळताच सर्व जण धावले. आमच्या चाळीच्या मालकीणबाई प्रवेशद्वाराजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘पाणी आले आहे, परंतु प्रत्येकाने एकच हंडा भरावा. दुसरा हंडा हवा असल्यास दहा रुपये द्यावे लागतील.’ टँकरचालक म्हणाला, ‘लवकर करा, पुढे दोन गल्ल्या शिल्लक आहेत.’ माझ्या आईने दोन हंडे आणले होते. ती मालकीणबाईंकडे पाहून हसली व म्हणाली, ‘हिला पैशाचे वेड लागले आहे.’ मालकीणबाईही हसल्या व म्हणाल्या, ‘हो, मी जेवले.’ मागे उभे असलेले काका इतके हसले, की त्यांच्या हातातील हंडा पडला.”

एकही शुद्धलेखनाची चूक नाही. फक्त गोष्ट राहिलेली नाही. भाडेकरू बाई मालकिणीच्या तोंडावर, तिला कळेल अशा भाषेत तिला पैशाची वेडी म्हणते, मालकीण हसून जेवल्याचं सांगते, आणि मागचा माणूस कशाला हसतो ते देव जाणे.

कोण काय म्हणालं

दुरुस्ती करणाऱ्या मॅडमना खलनायिका करायचं असेल तर हे प्रकरण पुढे वाचू नये. बाई मेहनती, मुलांच्या वह्या घरी नेऊन तपासणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: या मुलांना मराठी ऐकायला फक्त शाळेत मिळते. आठवीची शिष्यवृत्ती, पुढे दहावी, तिथे कुणी ‘करके’ चालवून घेणार नाही. हस्तलिखित म्हणजे नमुना. त्यात चुकीचं छापलं, तर उद्या वर्ग म्हणेल, बाई, हे चालतं ना. आणि एक वाक्य त्या बोलल्या ते मला आजही खोडता येत नाही: “मोठ्या घरच्या मुलाने मिसळून लिहिलं तर त्याला शैली म्हणतात. आमच्या मुलांनी लिहिलं तर अडाणी म्हणतात. मला त्यांना ते म्हणवून घ्यायचं नाही.”

वर्गशिक्षक सर गावठाणातले, आगरी. त्यांना काकीचं बोलणं बदललं याचाच राग. “आमची भाषा नाटकात इनोदाला चालते, कविसंमेलनात चालते, आणि शालेत नाय चालत?” हे ते मुद्दाम आगरीत बोलले, एरवी शिक्षककक्षात ते पुस्तकी मराठी बोलतात. त्यांना कन्नड वाक्याशी मात्र फारसं देणंघेणं नव्हतं. ते काढलं तरी चालेल म्हणाले. प्रत्येकाला आपल्या घरचीच बोली वाचवायची असते, हे या वादात सुरुवातीलाच दिसलं.

मुलीचा बाप समितीच्या बैठकीला आला आणि मॅडमच्या बाजूने उभा राहिला. कन्नड घरी आहे, ती शाळेत कशाला, आम्ही मराठी शिकायला पाठवतो. रोजी बुडवून आला होता, त्यामुळे जास्त बोलला नाही. समितीवरच्या एका ताईंचं म्हणणं, अभिजात भाषेच्या दिवशी कन्नड वाचून दाखवणार का? त्यावर सर म्हणाले, ज्ञानेश्वरांनी विठ्ठलालाच कानडा म्हटलंय. टाळ्या पडल्या, मुद्दा पुढे सरकला नाही. असल्या टाळ्यांनी तो कधीच सरकत नाही.

मी बैठकीत एकनाथांचं उदाहरण दिलं. सोळाव्या शतकात पैठणला बसून त्यांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यात हिंदू मराठीत बोलतो आणि तुर्क दखनी हिंदीत. दोघं भांडतात आपापल्या बोलीत, आणि वाचणाऱ्याला दोन्ही कळतील हे कवीने गृहीत धरलेलं. पुढे तंजावरच्या मराठी राजांपैकी शहाजीच्या नावावर पंचभाषाविलास नाटक आहे. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकाच रंगमंचावर. तंजावर म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर स्थलांतरितांची वस्तीच की. मराठी राजा, तमिळ मुलूख, तेलुगू दरबारी वाङ्मय. तिथे पात्राची भाषा बदलून त्याची ओळख पटवणं ही करामत होती.

मॅडमनी लगेच टोला दिला. “नाथांना दोन्ही भाषा येत होत्या. हिला एकही धड येत नाही.”

हा टोला खरा आहे का, हे तपासायला कागदाकडेच जावं लागतं.

‘करके’ कुठून आलं

मुलीच्या मजकुरात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि लाल पेनाने तिन्ही एकाच रंगात रंगवल्या होत्या.

पहिली, संवाद. इथे तिची एकही चूक नाही. काकी आगरीत, टँकरवाला हिंदीत, अव्वा कन्नडमध्ये; एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या तोंडी गेलेलं नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं हे कान तयार असल्याचं लक्षण. शुद्धलेखनाच्या नावाने ते खोडायचं तर शुद्धलेखनाचे नियमच आडवे येतात. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले. त्यांतच पात्राच्या तोंडी ‘असं केलं, मी म्हटलं’ अशी बोलण्यातली रूपं वापरायला मोकळीक दिलेली आहे. तो नियम मराठीच्या उच्चारापुरता आहे, कन्नड वाक्याला त्याचा आधार लागत नाही हे कबूल. पण पात्र जसं बोलतं तसं लिहावं, हे तत्त्व नियम करणाऱ्यांनाही मान्य होतं.

दुसरी, निवेदनातली वाक्यरचना. ‘टँकर आला करके धावले.’ हे मुंबईच्या हिंदीतून आलं. आणि मुंबई-हैदराबादकडच्या हिंदीत अशी रचना आली ती दक्षिणेकडच्या भाषांच्या शेजारातून. कन्नडमध्ये दुसऱ्याचं बोलणं सांगताना वाक्याच्या शेवटी ‘अंत’ लावतात. मराठी तरी वेगळं काय करते? ‘टँकर आला म्हणून सगळे धावले.’ जागा तीच, काम तेच. उत्तरेकडची हिंदी ‘कि’ घालून पुढे सांगते, मराठी ‘म्हणून’ लावून मागचं बांधते, कन्नडसारखी. म्हणजे या मुलीला सगळं वाक्य पाडून नव्याने उभं करायला शिकवायचं नव्हतंच. ‘करके’ काढ, ‘म्हणून’ ठेव, एवढंच सांगायचं होतं. दुरुस्तीत मात्र ‘आल्याचे कळताच’ असं झालं, जे सातवीतलं कुठलंच मूल बोलत नाही.

तिसरी, खरीखुरी चूक. ‘माझी अव्वाने दोन हंडे आणली.’ इथे मराठीचं सामान्यरूप हुकलं आणि क्रियापद कर्माऐवजी कर्त्याला जुळवलं. कन्नडमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागे जातं; बाईने आणले तर बाईप्रमाणे. मराठीत भूतकाळात ते आणलेल्या वस्तूच्या मागे पळतं. हंडे आणले, घागर आणली, पाणी आणलं. दक्षिणी हिंदीने हा त्रासच काढून टाकला, हैदराबादेत ‘मैं रोटी खाया’ म्हणून मोकळे होतात. मराठीत ती मुभा नाही, त्यामुळे हे शिकवावंच लागतं, आणि एकदा लाल रेघ मारून ते येत नाही. कन्नड घरातली, बंजारा घरातली, भोजपुरी घरातली मुलं इथे कमी-जास्त सगळी अडखळतात. त्यांच्यासाठी वर्गात आठवडाभर तोंडी खेळ घेतला असता तर फायदा झाला असता. पण लाल पेनाचा बहुतेक वेळ काकीला मालकीणबाई करण्यात गेला.

या संदर्भात सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं उदाहरण भाषा-अभ्यासकांना तोंडपाठ असतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. गावात कन्नड बोलणारे जैन-लिंगायत, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी बोलणारे दलित, थोडे तेलुगू. शतकानुशतकं शेजार. त्यांना आढळलं असं, की तिन्ही प्रमुख भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून एकातून दुसरीत जाता येत होतं. शब्द मात्र ज्याचे त्याचे. घरात आपलेच शब्द, कारण घर कुणाचं ते शब्दांवरून कळायचं. आतून व्याकरण एक होत गेलं तरी बाहेरची पाटी कुणी बदलली नाही.

आमच्या चाळीत नेमकं उलटं दिसतं. मुलं शब्द बिनधास्त उचलतात, इकडचे तिकडे टाकतात. व्याकरणाचे सांधे मात्र तुटके राहतात, कारण कुपवाडसारखा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार इथे नाही. दर अकरा महिन्यांनी खोली बदलते, कधी मालक बदलतो, कधी मुकादम. मिसळण मुरायला जो वेळ लागतो तो नाका कामगाराच्या मुलाला मिळत नाही. ‘मुलं भेसळ करतात’ असं म्हणताना हा फरक लक्षात घेतला, तर काय शिकवायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे ठरवणं सोपं जातं.

त्याच वर्गाचा फळा

समितीची बैठक सातवीच्या वर्गातच भरली होती. मागच्या फळ्यावर गणिताच्या सरांचं राहिलेलं काम दिसत होतं: ‘न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर यांना सेम नंबरने डिव्हाइड करा.’ शाळा सेमी इंग्रजी. गणित-विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे पुस्तक इंग्रजी आणि समजावणं हे असं. बैठकीत तासभर भाषाशुद्धीवर चर्चा झाली आणि या फळ्याकडे कुणाची नजर गेली नाही.

माझं सगळं म्हणणं या फळ्यापाशी येऊन थांबतं. या शाळेत भाषा मिसळण्याचे दोन प्रकार चालतात. मूल घरून घेऊन येतं तो एक, आणि व्यवस्था वरून उतरवते तो दुसरा. पहिल्याला लाल रेघ मिळते, दुसऱ्यासाठी पालक प्रवेशाच्या रांगेत उभे राहतात. ‘अव्वा’ अशुद्ध, ‘डिव्हाइड करा’ प्रगत. दोन्हींत मराठी वाक्यात परका शब्द आहे. फरक एवढाच, की एका शब्दामागे बिगारी उभा आहे आणि दुसऱ्यामागे नोकरी.

सेमीला माझा सरसकट विरोध नाही. पण फळ्यावरचं ते वाक्य कन्नड घरातल्या मुलाला तीन भिंती ओलांडून समजायचं असतं: इंग्रजी संज्ञा, मराठी जोडणी, आणि घरी यातलं एकही नाही. अंश-छेद हे शब्द त्याने पाचवीत कधीतरी ऐकलेले, तेही सुटले. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस-बावीसऐवजी ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मराठीची मोडतोड म्हणून विनोद फिरले. त्या बदलामागे मुलांना जोडाक्षरी, उलट्या क्रमाची संख्यानामं अवघड जातात हा विचार होता. कन्नड-तेलुगूत दशक आधी आणि एकक नंतर असंच म्हणतात. माझ्या ओळखीच्या, कन्नड घरातून आलेल्या एका आईला तो बदल पाहताक्षणी कळला होता. तिच्यासारख्यांना त्या गदारोळात कुणी विचारलं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, घरची भाषा आणि माध्यम वेगळं असलेल्या मुलांसाठी शिक्षकांनी द्विभाषिक पद्धत आणि साहित्य वापरावं असं स्पष्ट लिहिलंय. कागदावर आमच्या सातवीचीच गोष्ट आहे. प्रत्यक्षात २०२५ मध्ये भाषेवर सगळा धुरळा उडाला तो तिसऱ्या भाषेवरून. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा निर्णय, १७ जूनला सुधारणा, २९ जूनला माघार. वस्तीतल्या मुलांना हिंदी शिकवायची की नाही हा प्रश्नच नव्हता, ती त्यांना खेळता खेळता आली होती. अडलं होतं ते मराठीच्या क्रियापदावर.

कागद पुन्हा लिहिला गेला

ठरलं ते असं. संवाद मुलीचेच राहतील. निवेदन ती स्वतः दुरुस्त करेल, मॅडम फक्त पेन्सिलने जागा दाखवतील. ‘करके’ गेलं, ‘हंडे आणले’ झालं. ‘अव्वा’ राहिली.

अडलं कन्नड वाक्यावर. ज्यांना कन्नड येत नाही त्यांनी कसं हसायचं? मॅडमनी सुचवलं, खाली तारा काढून अर्थ द्या. सर म्हणाले, कंसात द्या. मी वेल्समधली एक युक्ती सांगितली. तिथे केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीस वेल्श-इंग्रजी वर्गांत एका भाषेत वाचायचं आणि दुसऱ्या भाषेत त्यावर लिहायचं अशी रीत बसवली, मुद्दाम भाषा बदलून समज पक्की करण्यासाठी. म्हटलं, मुलीला विचारूया, हा प्रसंग जतच्या काकांनी घरी जाऊन मराठीत कसा सांगितला असता? तिने तोंडी सांगितला, हातवारे करत. मग तिचं तिलाच सुचलं. नव्या कागदावर काका हंडा उचलता उचलता निवेदक मुलीच्या कानाशी वाकतात आणि म्हणतात, “तुझी आई काय म्हणाली कळलं का हिला? पैशाचं याड लागलंय म्हणाली.” तारा नाही, कंस नाही. दोन भाषा येणारं पात्र रांगेत आधीच उभं होतं, तिने त्याला कामाला लावलं. मॅडम तो कागद वाचून पहिल्यांदा हसल्या.

प्रकरण इथे संपलं असतं तर सगळेच खूश झाले असते. प्रकाशनाच्या दोन दिवस आधी आई शाळेत आली. तिला मराठी मोडकी येते, मुलगी मध्ये उभी राहून सांगत होती. आईचं म्हणणं एकच: ते वाक्य काढा. हस्तलिखित गावात फिरणार, काकीची नात याच शाळेत तिसरीला. दहा रुपयांचं पण काढा. खोली खाली करायला लावली तर?

बैठकीत आम्ही सगळे बोली, शैली, नियम, नाथ यांवर बोललो आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अव्वा कन्नडमध्ये का बोलली? कारण मोठ्याने बोलता यावं आणि कळू नये. भाडेकरूला मालकासमोर रांगेत उभं राहून तेवढीच जागा होती. आम्ही ती भाषा हस्तलिखितात घातली, वर काकांकडून मराठीत फोडूनही घेतली. साहित्यात घरची भाषा यावी असं म्हणणाऱ्यांनी, मी धरून, विचारायला हवं की त्या घराला ती बाहेर आणायची आहे का. दलित आत्मकथनं आली तेव्हा हा प्रश्न घराघरांत उठला होता, आमचं कशाला चव्हाट्यावर आणलंस म्हणून. तिथे लिहिणारा मोठा होता, ठरवू शकत होता. इथे तेरा वर्षांची मुलगी आणि भाड्याची खोली.

आईचं ऐकायचं ठरलं. मुलगी रडली, मग वैतागली, मग बसून बदललं. दहा रुपये टँकरवाला मागतो असं केलं. तो रोज वेगळा येतो, त्याला कोण ओळखणार. वाक्यही त्यालाच बसेल असं करून घेतलं. काकी नुसती गेटवर उभी राहून आगरीत सगळ्यांना ओळीने लावते. अर्थात टँकरवाला जेवलो म्हणेना, कारण त्याला ‘ऊट आयता’ माहीत असायचं कारण नाही, म्हणून तो “हां भाभी, कल भी आएगा” म्हणतो. विनोद थोडा पातळ झाला. सर म्हणाले, “आमची काकी सुटली.” हस्तलिखितात हीच तिसरी आवृत्ती आहे.

पुढे काय झालं

वर्गातल्या बाकीच्यांनी याचा आपापला अर्थ लावला. पुढच्या निबंधात हिंदी संवादांचा पूर आला, काहींत सरळ शिव्या, आणि विचारलं की उत्तर तयार: पात्र तसं बोलतं, बाई. मॅडमनी यावर चांगली तोड काढली. ज्याला संवादात दुसरी भाषा घालायची असेल त्याने तोच प्रसंग खाली प्रमाण मराठीत, पत्र लिहिल्यासारखा पुन्हा लिहायचा. दुप्पट लिहायचं म्हटल्यावर हौशे गळाले, गरज असलेले राहिले. परीक्षेच्या दृष्टीनेही त्यांना हे सोयीचं वाटलं, कारण तीच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिणारी मुलं कुठे काय चालतं हे आपसूक शिकतात.

बंजारा घरातल्या एका मुलाने मात्र गोरमाटीत एक अक्षर लिहायला नकार दिला. आईला याडी म्हणतोस ना घरी, मग लिही, असं वर्गातल्या पोरांनीच त्याला म्हटलं. तो म्हणाला, आमच्यातलं लिहायचं नसतं. लाज होती, की कुणी तपासून देणारं नव्हतं म्हणून, की आईने घरी बजावलं होतं, सांगता येत नाही. कन्नड निदान कुठल्यातरी राज्याच्या पाट्यांवर असते. त्याची भाषा त्याने कुठेच लिहिलेली पाहिली नव्हती. त्याला कुणी जबरदस्ती केली नाही, हे बरं झालं.

मॅडमच्या वह्यांत आता दोन खुणा दिसतात. क्रियापद चुकलं की पेन्सिलचा गोल, घरचा शब्द आला की समासात छोटी टिकली, आणि टिकलीला गुण कापायचे नाहीत. आगरी सरांनी चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी गोळा करायला काढली आहेत, त्यात कन्नड भाडेकरणींच्या ओव्याही घ्या म्हटलं तर बघू म्हणाले. गणिताच्या सरांनाही विचारून झालं, की फळ्यावर न्यूमरेटरशेजारी अंश असं लिहाल का, वर्षभर, दोन्ही शब्द. त्यांनी खडू खाली ठेवला नाही. म्हणाले, “मॅडम, पोर्शन राहिलाय, शिष्यवृत्तीवाल्यांचे जादा तास पण मलाच घ्यायचेत. पुढच्या वर्षी बघू.”